सूर्यफूल कुलातील सदृश रानफुलांची ओळख : पवई परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सूर्यफूल कुल हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून मुंबई उपनगरातील रस्त्यांच्या कडा, मोकळी मैदाने, तलावांचे काठ व टेकड्यांचे उतार यांवर या कुलातील अनेक रानफुले आढळतात. यांपैकी बऱ्याच जाती वरवर पाहता एकसारख्या दिसतात. त्यामुळे औषधी वापर, तणनिर्मूलन आणि जैवविविधतेच्या नोंदी या तिन्ही क्षेत्रांत चुका संभवतात. प्रस्तुत लेखात पवई परिसरासारख्या उपनगरी अधिवासात भेटणाऱ्या तेरा जातींची भेददर्शक लक्षणे सांगून त्यांच्या ओळखीसाठी एक सोपी किल्ली मांडण्यात आली आहे.

सूचक शब्द : सूर्यफूल कुल, स्तबक, किरणपुष्पक, कृत्स्नफळ, माका, गाजर गवत, सहदेवी, पवई.

१. प्रस्तावना

पवई हे मुंबईच्या पूर्व उपनगरातील एक वैशिष्ट्यपूर्ण ठिकाण आहे. १८९१ मध्ये पूर्ण झालेला पवई तलाव, त्याच्या उत्तरेकडील विहार तलाव, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा वृक्षाच्छादित परिसर आणि त्यापलीकडे पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांमुळे येथे दाट नागरी वस्ती व वन यांची सीमा एकमेकींना भिडलेली आहे. एका बाजूस उंच इमारती व बांधकामाचा राडारोडा, तर दुसऱ्या बाजूस तलावाचा ओलसर काठ आणि पावसाळ्यात हिरवे होणारे खडकाळ उतार, असे परस्परभिन्न अधिवास येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. साहजिकच परदेशातून येऊन रुजलेली तणे आणि मूळच्या देशी वनस्पती येथे शेजारी शेजारी वाढतात.

या वनस्पतींत सूर्यफूल कुलाचा वाटा डोळ्यांत भरण्यासारखा आहे. जगभरात या कुलाच्या पंचवीस हजारांच्या आसपास जाती मानल्या जातात. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, ॲस्टर, डेलिया ही बागेतील परिचित मंडळी याच कुलातील होत. त्यांच्या रानटी भावंडांकडे मात्र 'गवत' किंवा 'तण' म्हणून दुर्लक्ष केले जाते. पिवळे दिसले की 'रानशेवंती', जांभळे दिसले की 'सहदेवी' आणि पांढरे दिसले की 'माका' असे ढोबळ नामकरण अनेकदा होते. या ढोबळपणाचे परिणाम नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

१) सूर्यफूल कुलातील फुलोऱ्याची रचना सामान्य अभ्यासकास समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींचे गट पाडून त्यांतील निश्चित भेद सांगणे.
३) चुकीच्या ओळखीमुळे उद्भवणाऱ्या अडचणींकडे लक्ष वेधणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. प्रयोगशाळेतील उपकरणांची गरज न पडता, दहापट मोठे दाखविणाऱ्या साध्या हातभिंगाच्या साहाय्याने तपासता येतील अशाच लक्षणांची निवड येथे केली आहे.

३. 'एक फूल' म्हणजे अनेक फुले

या कुलाचे जुने नाव 'कंपॉझिटी' म्हणजे 'संयुक्त'. आपण ज्याला एक फूल समजतो ते वस्तुतः अनेक लहान फुलांचे संमेलन असते. या फुलोऱ्यास स्तबक म्हणतात व त्यातील प्रत्येक लहान फुलास पुष्पक म्हणतात. स्तबकाच्या मध्यभागी नळीसारखी बिंबपुष्पके असतात, तर कडेने जिभेसारख्या पाकळीची किरणपुष्पके असतात. काही जातींत फक्त बिंबपुष्पके असतात, काहींत सर्वच पुष्पके जिभेसारखी असतात, तर काहींत दोन्ही प्रकार आढळतात. ओळखीची पहिली पायरी हीच होय.

स्तबकाच्या खाली हिरव्या छदांचे वेष्टन असते, त्यास छदमंडल म्हणतात. नवशिका अभ्यासक या छदांनाच संदले समजतो. खरी संदले पुष्पकाच्या तळाशी केसांच्या, खवल्यांच्या अथवा काट्यांच्या रूपात असतात व फळ पिकल्यावर त्याच्या डोक्यावर टिकून राहतात. त्यांना पिच्छ असे नाव आहे. वाऱ्यावर तरंगत येणारी 'म्हातारी' ही अशाच केसाळ पिच्छाची करामत असते. मात्र रुईच्या कुलातील बियांनाही तसे केस असतात, हे ध्यानात ठेवावे. या कुलाचे फळ कोरडे, एकबीजी व न तडकणारे असून त्यास कृत्स्नफळ म्हणतात. फूल कोमेजून गेले तरी छदे, पिच्छ व फळ शिल्लक राहत असल्याने ओळखीच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व रंगापेक्षा अधिक आहे. रंग हा सर्वांत आधी दिसणारा, परंतु सर्वांत कमी विश्वासार्ह पुरावा होय.

४. निरीक्षणाचा क्रम

कोणत्याही नमुन्याचे निरीक्षण पुढील क्रमाने केल्यास घोटाळा टळतो : (१) पान अथवा देठ तोडल्यावर पांढरा चीक येतो काय, (२) पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, (३) किरणपुष्पके आहेत काय, असल्यास किती व त्यांच्या टोकास किती दाते आहेत, (४) छदांचे एकच वर्तुळ आहे की अनेक, (५) फळावर पिच्छ आहे काय, असल्यास ते केसांचे, खवल्यांचे की काट्यांचे, (६) वनस्पती कोणत्या जागी व कोणत्या महिन्यात फुलली आहे. पानांची मांडणी पाहताना खोडाचा मधला भाग पाहावा, कारण ओसाडीसारख्या जातीत शेंड्याकडील पाने कधी कधी एकाआड एक होतात.

५. सदृश जातींचे गट

५.१ पांढऱ्या फुलांचा गट : माका, एकदांडी व गाजर गवत

माका, म्हणजेच आयुर्वेदातील भृंगराज, याचे शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्रॅटा असून जुन्या ग्रंथांत तो एक्लिप्टा अल्बा या नावाने येतो. गणेशपूजेतील एकवीस पत्रींत व श्राद्धकर्मात त्याचा समावेश असल्याने मराठी घरांत हे नाव परिचित आहे. केशतेलांमुळेही ते घरोघरी पोहोचले आहे. मात्र नाव माहीत असणारे आणि वनस्पती ओळखणारे यांच्या संख्येत मोठी तफावत आहे. माका ओलसर जागी, गटारांच्या व तलावांच्या कडेने वाढतो. त्याची पाने समोरासमोर, अरुंद, जवळजवळ बिनदेठाची व खरखरीत असतात. स्तबक लहान असून त्याच्या कडेची किरणपुष्पके असंख्य, अत्यंत बारीक व पांढरी असतात. बिंबपुष्पकेही पांढुरकीच असतात. फळावर केसाळ पिच्छ नसते. खोड चुरगळल्यास निघणारा रस थोड्या वेळात काळा पडतो.

एकदांडी, अर्थात ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. तिलाच दगडी पाला व जखमजोडी असेही म्हणतात. कोरड्या, तुडवल्या जाणाऱ्या जमिनीवर ती वर्षभर फुलते. वीतभर लांब, पर्णहीन दांड्याच्या टोकावर एकच स्तबक, ही तिची खूण नावातच आली आहे. तिची किरणपुष्पके साधारण पाच, फिकट पिवळसर पांढरी व टोकाशी तीन दातांची असतात. बिंब पिवळे असते. फळावर पिसासारख्या केसांचे पिच्छ असते. भृंगराज म्हणून एकदांडीचा वापर होत असल्याचा उल्लेख औषधी वनस्पतींवरील लेखनात वारंवार आढळतो. अधिवास, दांडा व पिच्छ या तीन लक्षणांवरून हा घोटाळा जागच्या जागी दूर करता येतो.

गाजर गवत, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस, यास काँग्रेस गवत व चटक चांदणी ही नावेही आहेत. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते भारतात पसरले असे सामान्यतः मानले जाते. १९५०च्या दशकाच्या मध्यास पुणे येथे त्याची ठळक नोंद झाली आणि पुढे ते देशभर फैलावले. त्याची पाने एकाआड एक व गाजराच्या पानांप्रमाणे खोलवर विभागलेली असतात. फांद्यांच्या टोकांवर लहान पांढऱ्या स्तबकांचा विरळ, फांद्याफांद्यांचा झुबका येतो. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक स्तबकास नेमकी पाच कोपऱ्यांवर पाच आखूड किरणपुष्पके दिसतात. एक झाड हजारो बिया निर्माण करते. पार्थेनिन या द्रव्यामुळे त्याच्या स्पर्शाने त्वचादाह होतो आणि परागामुळे श्वसनाचे विकार बळावतात. त्याच्या जैविक नियंत्रणासाठी झायगोग्रामा बायकोलोराटा हा मूळचा मेक्सिकोतील भुंगेरा १९८४ मध्ये बंगळुरू परिसरात प्रथम सोडण्यात आला.

फुलावर येण्यापूर्वी गाजर गवताची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात. ते उपटण्याची योग्य वेळ हीच होय. परंतु नेमक्या याच अवस्थेत फुलाचा आधार नसल्याने ओळख कठीण जाते. पाने एकाआड एक आहेत व ती दुहेरी विभागलेली आहेत, हे पाहूनच निर्णय घ्यावा आणि हातमोजे घालूनच ते उपटावे.

५.२ पिवळ्या फुलांचा गट : पिवळा माका, सिंगापूर डेझी व सायनेड्रेला

पिवळा माका, म्हणजे स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया, हा पूर्वी वेडेलिया चायनेन्सिस या नावाने ओळखला जात असे. तो आशियातील मूळ रहिवासी असून पीत भृंगराज म्हणून औषधात वापरला जातो. त्याची पाने अरुंद, अखंड अथवा तुरळक दातांची असतात. त्याची बहीण स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा ही अमेरिकी उष्ण प्रदेशातील असून रोपवाटिकांत सिंगापूर डेझी या नावाने विकली जाते. गृहसंकुलांच्या बागांत व रस्त्यांच्या दुभाजकांवर जमीन झाकण्यासाठी ती लावतात. तिची पाने तकतकीत व बहुधा तीन खंडांची असतात. खोडाच्या प्रत्येक पेऱ्यास मुळे फुटत असल्याने छाटणीनंतर टाकलेला तुकडाही ओल्या जागी रुजतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संलग्न तज्ज्ञगटाने तयार केलेल्या जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. दोघींची पिवळी फुले दुरून सारखीच दिसतात, म्हणून एक औषधी देशी वनस्पती आणि एक आक्रमक परदेशी वनस्पती यांतील फरक केवळ पानावरून करावा लागतो.

सायनेड्रेला नोडिफ्लोरा ही तिसरी पिवळी जात सावलीत, कुंपणालगत व झाडांखाली विपुल वाढते. तिची स्तबके लहान, बिनदेठाची व पानांच्या बगलेत दडलेली असतात. तिचे खरे वैशिष्ट्य फळांत आहे. एकाच स्तबकात कडेची फळे चपटी व फाटक्या कडांच्या पंखांची, तर आतील फळे दोन ताठ काट्यांची असतात.

५.३ जांभळ्या फुलांचा गट : सहदेवी, ओसाडी व सदामंडी

या गटातील घोटाळा सर्वांत गंभीर आहे. तिन्ही जातींत किरणपुष्पके नसतात, तिन्हींची फुले जांभळ्या छटेची असतात आणि पावसाळ्यात त्या एकाच वाटेच्या कडेला उभ्या असतात.

सहदेवी, जिचे आजचे शास्त्रीय नाव सायनथिलियम सिनेरियम व पूर्वीचे व्हर्नोनिया सिनेरिया, ही लोकवैद्यकात तापावर वापरली जाते. तिची पाने एकाआड एक, छदे अनेक वर्तुळांत व स्तबके लहान, पुष्कळ फांद्यांच्या झुबक्यात असतात. पिच्छ पांढऱ्या केसांचे असते.

ओसाडी, अर्थात अजेरॅटम कोनिझॉइडिस, हिची पाने समोरासमोर, केसाळ व चुरगळल्यावर उग्र वासाची असतात. स्तबके दाट, सपाट माथ्याच्या गुच्छात येतात आणि पुष्पके फिकट जांभळी ते पांढरी असतात. फळाच्या डोक्यावर केस नसून पाच टोकदार खवले असतात. बागेत लावली जाणारी अजेरॅटम हौस्टोनियानम ही तिची जवळची जात असून तिच्या छदांवर दाट ग्रंथिल केस असतात.

सदामंडी, म्हणजे एमिलिया सोंकिफोलिया, हिची स्तबके मोजकीच, लांब देठांवर व अरुंद पेल्यासारखी असतात. छदांचे एकच वर्तुळ असते, हे तिचे निर्णायक लक्षण होय. खालची पाने खंडित असतात व वरची पाने आपल्या तळाने खोडाला कवटाळतात.

ओसाडी व सदामंडी या दोहोंत यकृतास घातक अशी पायरोलिझिडीन गटातील अल्कलॉइडे आढळली आहेत. इथिओपियातील तिग्राय भागात यकृतविकाराच्या साथीचा संबंध धान्यात मिसळलेल्या ओसाडीशी जोडण्यात आला होता. या द्रव्यांचा परिणाम तत्काळ दिसत नाही. थोड्या थोड्या प्रमाणात, दीर्घकाळ सेवनाने तो साचत जातो, म्हणून काढा घेणाऱ्यास आजाराचे कारण उमगत नाही. तापावरील काढ्यासाठी सहदेवी समजून यांपैकी एखादी वनस्पती गोळा केली गेली, तर उपचारच अपायाचे कारण ठरू शकतो.

५.४ चिकाच्या वनस्पती : पाथरी व म्हातारा

या गटात सर्व पुष्पके जिभेसारखी पिवळी असतात व देठ तोडताच पांढरा चीक येतो. पाथरी, म्हणजे लॉनिया प्रोकम्बेन्स, ही देशावर भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाणारी रानभाजी. तिची पाने बहुतांशी जमिनीलगत असून दांडा जवळजवळ पर्णहीन असतो. म्हातारा, म्हणजे सोंकस ओलेरेसियस, याचे खोड उभे, पोकळ व पानांनी युक्त असते. सोंकस ॲस्पर ही त्याची काटेरी भावंड जात. दोन्हींतील भेद पानाच्या तळाशी असलेल्या कानाच्या पाळीसारख्या भागांत दिसतो. म्हाताऱ्यात त्या पाळ्या टोकदार, तर ॲस्परमध्ये गोलाकार असतात.

५.५ गोल फुलोऱ्याची गोरखमुंडी

पावसाळा संपून पाणी ओसरल्यावर भातखाचरांत व तलावांच्या उघड्या पडलेल्या काठावर गोरखमुंडी, म्हणजे स्फिरँथस इंडिकस, हिवाळ्यात फुलते. तिचा जांभळा चेंडू म्हणजे अनेक स्तबकांचा समूह होय. बागेतून निसटलेल्या बटण फुलाशी तिची गल्लत होते. बटण फूल आघाड्याच्या कुलातील असून त्याची पाने समोरासमोर व फुलोरा कागदासारखा कोरडा असतो. गोरखमुंडीच्या खोडावर मात्र दातेरी हिरवे पंख असतात.

६. ओळखीची किल्ली

खालील किल्ली प्रस्तुत लेखातील तेरा जातींपुरतीच मर्यादित आहे.

१ अ. चीक असतो, सर्व पुष्पके जिभेसारखी, पिवळी — २
१ आ. चीक नसतो — ४
२ अ. पाने मुख्यतः जमिनीलगत. दांडा जवळजवळ पर्णहीन — पाथरी
२ आ. खोड उभे, पोकळ, पानांनी युक्त — ३
३ अ. पानाच्या तळाच्या पाळ्या टोकदार. फळावर आडव्या सुरकुत्या — म्हातारा
३ आ. पाळ्या गोलाकार, फळ सुरकुत्यांविना — सोंकस ॲस्पर
४ अ. किरणपुष्पके असतात — ५
४ आ. किरणपुष्पके नसतात — १०
५ अ. किरणपुष्पके पांढरी किंवा पिवळसर पांढरी — ६
५ आ. किरणपुष्पके पिवळी — ८
६ अ. पाने एकाआड एक, खोलवर विभागलेली — गाजर गवत
६ आ. पाने समोरासमोर — ७
७ अ. लांब दांड्यावर एकच स्तबक. किरणपुष्पके साधारण पाच — एकदांडी
७ आ. दांडा आखूड, किरणपुष्पके असंख्य, बारीक — माका
८ अ. स्तबके बिनदेठाची, पानांच्या बगलेत — सायनेड्रेला
८ आ. स्तबके देठावर एकेकटी. वनस्पती सरपटणारी — ९
९ अ. पाने बहुधा तीन खंडांची, तकतकीत — सिंगापूर डेझी
९ आ. पाने अरुंद, खंड नसलेली — पिवळा माका
१० अ. फुलोरा चेंडूसारखा, खोडावर पंख — गोरखमुंडी
१० आ. फुलोरा तसा नाही. खोड पंखहीन — ११
११ अ. पाने समोरासमोर, फळावर पाच खवले — ओसाडी
११ आ. पाने एकाआड एक. फळावर केस — १२
१२ अ. छदांचे एकच वर्तुळ — सदामंडी
१२ आ. छदांची अनेक वर्तुळे — सहदेवी

७. नावांचा प्रश्न आणि नोंदींचे मोल

स्थानिक नावे ही भाषेची संपत्ती असली तरी ती एकट्याने पुरेशी नाहीत. 'अक्कलकारा' हे नाव औषधी बाजारात ॲनासायक्लस पायरेथ्रम या आयात मुळीस लावतात. तेच नाव आपल्याकडे जीभ बधिर करणाऱ्या ॲक्मेला या पिवळ्या बोंडाच्या स्थानिक वनस्पतीसही दिले जाते. दोन्ही सूर्यफूल कुलातीलच आहेत. दुसरीकडे शास्त्रीय नावेही संशोधनानुसार बदलतात. म्हणून नोंद करताना स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, ठिकाण, दिनांक व अधिवास हे सर्व लिहिणे आवश्यक ठरते.

मुंबईच्या वनस्पतींच्या अभ्यासास मोठी परंपरा आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासून वाळवलेल्या नमुन्यांचे जतन करीत आहे. शंका असल्यास नमुना अशा संग्रहाशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवही तयार केली जाते. तीत सिंगापूर डेझीची नोंद 'पिवळा माका' म्हणून झाली, तर एका देशी औषधी वनस्पतीचा साठा मुबलक असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

पवईच्या संदर्भात या गोष्टीस विशेष अर्थ आहे. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तलावाकाठच्या सायकल व धाव मार्गाचे काम बेकायदेशीर ठरविले. तलावाचा काठ म्हणजे रिकामी जमीन नव्हे, ही जाणीव या निमित्ताने सार्वजनिक चर्चेत आली. माका, पिवळा माका व गोरखमुंडी यांसारख्या जातींना पाण्याची पातळी चढत-उतरत राहणारा असाच ओलसर पट्टा लागतो. त्या पट्ट्यात काय वाढते याची अचूक यादी हाताशी नसेल, तर काय गमावले हेही कधी सांगता येणार नाही.

८. निष्कर्ष

१) सूर्यफूल कुलातील जातींची ओळख फुलाच्या रंगावरून न करता पानांची मांडणी, छदे, किरणपुष्पके व पिच्छ यांवरून करणे योग्य ठरते.
२) सहदेवी, ओसाडी व सदामंडी यांतील भेद हा आरोग्याशी थेट निगडित आहे. खात्री नसलेली वनस्पती पोटात घेण्यासाठी वापरू नये.
३) गाजर गवत निर्मूलनाच्या उपक्रमांत विद्यार्थ्यांना आधी ओळखीचे प्रशिक्षण द्यावे. ओळखीविना केलेले उच्चाटन देशी वनस्पतींसही मारक ठरते.
४) गृहसंकुलांतील बागांसाठी सिंगापूर डेझीऐवजी देशी पर्यायांचा विचार व्हावा व तिच्या छाटणीचे अवशेष तलावाकाठी टाकू नयेत.
५) महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील या कुलाच्या जातींचे ऋतुनिहाय, नमुन्यांसह दस्तऐवजीकरण हाती घेतल्यास स्थानिक नोंदवह्यांची विश्वासार्हता वाढेल.

पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या या रानफुलांपैकी काही औषध आहेत, काही अन्न आहेत, तर काही विष आहेत. हातभिंग आणि चार-पाच लक्षणे ध्यानात ठेवण्याची तयारी एवढ्या सामग्रीवर त्यांतील फरक कोणासही करता येतो.